दोन मुलाखती, १४३ कोड

पत्र: मी पीएच.डी. करते आहे. घरातल्या दीर्घकाळ आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या १६ बायकांच्या मुलाखती घेतल्या आहेत. सगळ्या मराठीत, मिळून १९ तासांचं रेकॉर्डिंग. गाईड म्हणाल्या, ‘सॉफ्टवेअर वापर, हाताने केलंस तर परीक्षक विचारतील.’ त्याला महिना झाला, मी नुसते शिकवणीचे व्हिडिओ पाहते आहे. शेवटी एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरची ट्रायल घेतली, तिचे नऊ दिवस उरलेत. दोन मुलाखती कोड केल्या, म्हणजे वाक्यावाक्याला त्यातल्या आशयाचं नाव लावत गेले, आणि १४३ कोड झाले. आता फाईल उघडायचीच भीती वाटते. मैत्रीण म्हणते, सगळं एआयला दे, तासाभरात थीम, म्हणजे मुलाखतींतली मुख्य सूत्रं, काढून मिळतील. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? पहिल्यापासून सुरुवात करू का? आणि आणखी एक. एक ताई नवऱ्याबद्दल बोलता बोलता जवळजवळ मिनिटभर गप्प राहिल्या. त्याला कुठला कोड लावायचा असतो?

उत्तर:

आधी त्या नऊ दिवसांचं बघू, कारण त्याला मुदत आहे. आजच तुमचं काम ट्रायलमधून बाहेर काढून ठेवा. एक्स्पोर्टच्या यादीत ‘रेफी-क्यूडीए’ असा पर्याय शोधा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरना एकमेकांचे प्रकल्प वाचता यावेत म्हणून २०१९ मध्ये हा सामाईक साचा ठरला. त्यातून निघणारी क्यूडीपीएक्स फाईल म्हणजे मुलाखती, कोड आणि कोणत्या वाक्याला कोणता कोड लावला आहे, हे सगळं एकत्र. ट्रायलमध्ये तो पर्याय बंद ठेवलेला असेल, तर निदान प्रत्येक कोडखालचे उतारे वर्ड किंवा एक्सेलमध्ये काढून घ्या. पुढे ज्या सॉफ्टवेअरमधून काम बाहेर काढता येत नाही, ते कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.

आता कोणतं घ्यायचं. तुमची सामग्री मुख्यतः मजकूर आहे, कोड करणाऱ्या तुम्ही एकट्या आणि मुलाखती सोळा. एवढ्या कामाला टॅगेट आणि क्वालकोडर ही दोन फुकट, खुल्या स्रोताची साधनं पुरतात. टॅगेट अर्ध्या तासात हाताला बसतं. फाईल आत घ्यायची, वाक्य निवडायचं, कोड द्यायचा आणि एका कोडखालचे सगळे उतारे एकत्र काढायचे, एवढंच त्याचं काम. क्वालकोडर शिकायला दोनतीन दिवस लागतील आणि दिसायला ते जरा ओबडधोबड आहे. पण त्यात मेमो, म्हणजे सुचेल ते टिपून ठेवायच्या नोंदी, लिहिता येतात, प्रत्येक ताईचं वय, आजारी माणसाशी नातं, किती वर्षं काळजी घेत आहेत अशी माहिती जोडता येते, आणि आवाजाच्या फाईलवरही थेट कोड लावता येतो. तुमच्यासाठी मी क्वालकोडर सुचवते. कारण त्या गप्प राहिलेल्या ताईंच्या प्रश्नापाशी येईल.

तुमच्या विद्यापीठाकडे एनव्हिवो, मॅक्सक्यूडीए किंवा अ‍ॅटलस टीआय या विकतच्या सॉफ्टवेअरपैकी कशाचा परवाना असेल, तर तेही खुशाल घ्या. तिघांची तुलना करत बसू नका. सोळा मुलाखतींच्या कामात त्यांच्यातला फरक तुम्हाला जाणवणारही नाही. एनव्हिवो आणि अ‍ॅटलस टीआय तर २०२४ पासून एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. व्हिडिओंमुळे होणारा एक गोंधळ मात्र सांगून ठेवते. एनव्हिवोचे जुने व्हिडिओ ज्याला ‘नोड’ म्हणतात, त्यालाच २०२० पासूनच्या आवृत्त्यांत ‘कोड’ म्हणतात. दोन्ही एकच.

सॉफ्टवेअरचं एवढंच पुरे. तुमच्या पत्रात मला जे खटकलं ते वेगळंच आहे. तुम्ही १४३ कोड लावलेत, पण त्यांतल्या एकाही कोडखाली काय जमलं आहे ते उघडून वाचल्याचं कुठे लिहिलेलं नाही. माझी खात्री आहे की ते राहून गेलंय. बहुतेक सगळे नवखे हेच करतात. कोड लावत जातात, सोळाच्या सोळा मुलाखती संपवतात आणि मग शेवटी उतारे काढून बघतात. तोवर उशीर झालेला असतो.

संगणक नव्हते तेव्हा हे काम कात्रीने चालायचं. ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे ऐकून शब्दशः उतरवलेल्या मुलाखतीच्या, प्रती काढायच्या, उतारे कापायचे आणि विषयवार पाकिटांत टाकायचे. मग एक पाकीट उघडून त्यातल्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या आणि त्यांच्याकडे बघत बसायचं. खरं काम तिथे व्हायचं. अडचण एकच होती. चिठ्ठी कापली की ती कोणाच्या तोंडची, कोणत्या प्रश्नानंतरची, तिच्या आधी काय बोलणं झालं होतं, हा धागा तुटायचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये लिन आणि टॉम रिचर्ड्स या दांपत्याने, ती समाजशास्त्रज्ञ आणि तो संगणकाचा जाणकार, नडिस्ट नावाची प्रणाली बांधायला घेतली. आजचं एनव्हिवो तिच्याच वंशातलं. पुढे या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये कितीही भर पडली, तरी पाया तोच राहिला: चिठ्ठी पाकिटातही राहते आणि मूळ पानावरही राहते. चिठ्ठीवर क्लिक केलं की तुम्ही मुलाखतीतल्या त्या जागी परत पोचता. तुम्हाला या यंत्राकडून घ्यायचं आहे ते एवढंच, आणि ते फार मोलाचं आहे.

म्हणून नवी मुलाखत कोड करायला घेऊ नका. आधी आहेत त्या कोडांतले सर्वांत जास्त वेळा लागलेले पाच कोड निवडा आणि एकेकाखालचे सगळे उतारे सलग वाचा. काय होतं ते एका कल्पित उदाहरणाने सांगते. समजा तुमचा एक कोड आहे ‘वेळ नाही’ आणि त्याखाली तीन उतारे आलेत. एक ताई म्हणतात, ‘सकाळपासून अंघोळ, औषधं, खाणंपिणं, यातच दिवस मावळतो.’ दुसरा उतारा, ‘शेजारणीकडे जरा वेळ बसले तरी वाटतं, आपण इथे काय करतोय.’ आणि तिसरा, ‘डॉक्टरांनी सांगितलंय, आता फार वेळ नाही.’ तिन्ही वाक्यांना तुम्ही एकच कोड लावलात, कारण तिन्हींत वेळेचा उल्लेख आहे. पण शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसतं की पहिलं कामाच्या ओझ्याबद्दल आहे, दुसरं स्वतःसाठी काही घेतल्याच्या अपराधी भावनेबद्दल आणि तिसरं मृत्यूबद्दल. मग तुम्ही त्या कोडचे तीन कोड करता. दुसऱ्याला नाव देताना थांबता आणि विचार करता, ही अपराधी भावना आणखी कोणाच्या बोलण्यात होती? ‘मदतनीस’ नावाच्या कोडखाली त्या पगारी बाईबद्दल बोलणाऱ्या ताई आठवतात. तिथेही तेच होतं, फक्त शब्द निराळे होते. तुमच्या प्रबंधातलं पहिलं म्हणण्यासारखं वाक्य इथे जन्माला येतं, आणि तेही कोड लावताना नाही, लावलेलं परत वाचताना.

तो विचार आला की त्याच क्षणी लिहून ठेवा. यालाच मेमो म्हणतात. तारीख घाला, कोणते उतारे वाचून हे सुचलं ते लिहा, आणि बाकी मनात येईल तसं लिहा, शुद्धलेखनाची काळजी नको. मी रोज कोडिंगचं काम संपवताना दहा मिनिटं मेमोसाठी राखते. प्रबंधाचं विश्लेषणाचं प्रकरण लिहायला बसाल तेव्हा तुम्ही कोडांची यादी नाही उघडणार, हे मेमोच उघडाल.

पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. १४३ ही संख्या भीतिदायक वाटते, पण त्यात पाप काही नाही. प्रकल्पाची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवा आणि दुसऱ्या प्रतीवर हात चालवा. बरेचसे कोड एकदाच लागलेले असतील. ते पुसून टाकू नका, ‘सध्या बाजूला’ अशा एका गटाखाली ढकला. एकदाच आलेली गोष्ट पुढच्या चौदा मुलाखतींत पुन्हा भेटू शकते, आणि भेटली नाही तर तेही सांगण्यासारखं असू शकतं. एकाच अर्थाचे दोन कोड असतील तर ते एक करा. पण त्याआधी दोन्हींखालचे उतारे वाचा, नावं सारखी आहेत म्हणून जोडू नका. उरलेल्या प्रत्येक कोडची दोन ओळींत व्याख्या लिहायचा प्रयत्न करा: इथे काय येतं, दिसायला तसंच असलं तरी काय येत नाही, आणि एक नमुना उतारा. व्याख्या लिहिता येत नाही असा कोड अजून पिकलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. किती कोड उरावेत याचा आकडा मी देणार नाही. कोणी दिलाच तर त्यावर विसंबू नका.

कोडच्या नावांबद्दल मात्र माझा आग्रह आहे. ‘आर्थिक’, ‘कुटुंब’, ‘आरोग्य’ ही कप्प्यांची नावं झाली. त्यात काहीही मावतं, म्हणून ती काहीच सांगत नाहीत. ‘पैसे मागताना कमीपणा वाटणं’ हे नाव वाचल्यावर आत काय आहे ते कळतं. कधी कधी त्या बायकांचेच शब्द कोड म्हणून ठेवा. कोणी म्हटलं असेल, ‘मी घरात आहे, पण मी कुठेच नाही,’ तर त्यावर तुमचं विद्वत्तेचं लेबल चिकटवू नका. या प्रकाराला ‘इन व्हिवो’ कोड म्हणतात. आणि कोड मराठीतच ठेवा. इंग्रजी प्रबंधासाठी आख्ख्या मुलाखती भाषांतरित करून मग कोड करणारे मी पाहिले आहेत. त्यात बोलण्यातला पीळच निघून जातो. ‘जीव नकोसा झाला’ आणि ‘जीव तुटतो’ यांत इंग्रजीत फारसं अंतर उरत नाही. प्रबंधात जे उतारे घ्याल तेवढेच शेवटी भाषांतरित करा.

मराठीच्या काही अडचणी व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही, त्या इथे सांगते. ट्रान्सक्रिप्ट युनिकोडमध्ये टाईप केलेली हवी. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाईल सॉफ्टवेअरमध्ये गेली की अगम्य चिन्हांची रांग होते. पीडीएफ टाळा, वर्ड किंवा साधी टेक्स्ट फाईल द्या, कारण पीडीएफमधून देवनागरी उचलताना जोडाक्षरं आणि काने-मात्रे बऱ्याचदा विस्कटतात. आणि शब्द शोधायची सोय जपून वापरा. आपल्या भाषेत शब्द विभक्ती घेताना आतून बदलतो. ‘बहीण’ शोधलंत तर ‘बहिणीला’ सापडणार नाही, कारण दीर्घ ही र्‍हस्व झाली. ‘पैसा’ शोधलंत तर ‘पैशांचं’ सुटेल. त्यामुळे ते शब्दांचे ढग आणि शब्दमोजणीचे तक्ते मराठी मुलाखतींवर फसवे निघतात. एकच शब्द पाच रूपांत विखुरतो आणि वर तरंगतं ते ‘आणि’, ‘मग’, ‘म्हणजे’. प्रबंधात शब्दांचा ढग घालायचा मोह झाला तर आवरा. शोधताना एकेका शब्दाची सगळी रूपं कागदावर लिहून घ्या आणि एकेक करून शोधा.

प्रकल्पाची चालू फाईल क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. मी ठेवली होती. घरच्या आणि कामाच्या जागेच्या अशा दोन संगणकांवर ती उघडत होते, आणि एका सकाळी ती उघडेना. अकरा दिवसांचं कोडिंग गेलं. ही सॉफ्टवेअर काम चालू असताना सतत फाईलमध्ये लिहीत असतात आणि मधेच अर्धवट प्रत वर चढली की ती बिघडू शकते. ते कोडिंग मी पुन्हा केलं, पण पहिल्या वाचनात सुचलेलं काही परत आलं नाही, कारण तेव्हा मेमोही त्याच फाईलमध्ये होते. तेव्हापासून चालू फाईल संगणकावर, आणि रोज काम संपल्यावर सॉफ्टवेअर बंद करून तारखेची प्रत वेगळ्या जागी. मेमोंची प्रतही त्यासोबत.

तुमच्या गाईडबाईंची भीती मला समजते, पण हाताने केलेलं विश्लेषण कमी दर्जाचं असतं असं अजिबात नाही. ‘अमुक सॉफ्टवेअर वापरून विश्लेषण केलं’ हे वाक्य परीक्षकाला काहीच सांगत नाही. ते विचारतील ते हे: ही थीम कशावरून काढलीत? मग तुम्ही उतारे दाखवाल, कोडची व्याख्या कशी बदलत गेली ते तारखांच्या प्रतींवरून दाखवाल, मेमो दाखवाल. पद्धत कोणती ते मात्र गाईडबाईंशी बसून आत्ताच ठरवा. ब्राउन आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेलं, सामग्रीतली सूत्रं शोधणारं थीमॅटिक अ‍ॅनालिसिस की ग्लेझर आणि स्ट्राउस यांच्यापासून, म्हणजे १९६७ पासून, चालत आलेली, सामग्रीतूनच सिद्धांत उभा करणारी ग्राउंडेड थिअरी? कारण कोड आधी ठरवायचे की वाचता वाचता येऊ द्यायचे, मुलाखती आणि विश्लेषण आलटून पालटून चालवायचं का, हे त्यावरून ठरतं. दुसऱ्या कोणाकडून कोड करून घेऊन जुळणीचा आकडा काढा, म्हणजे कोहेनचा ‘कॅपा’ काढा, असं कोणी म्हटलं तर तेही पद्धतीशी ताडून बघा. ब्राउन आणि क्लार्क स्वतः आपल्या पद्धतीसाठी तो आकडा मागत नाहीत. त्यांच्या मते संशोधकाची नजर हा त्या कामाचा भाग आहे, दोष नाही.

आता मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. मुलाखती एखाद्या ऑनलाइन एआयमध्ये टाकण्याआधी तुमचं संमतिपत्र काढून वाचा. त्या बायकांनी तुमच्यापाशी मन मोकळं केलं. त्यांचं बोलणं बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाईल असं त्यांना सांगितलं होतं का? नसेल, तर प्रश्न तिथेच संपतो. नावं काढून टाकली तरी सोळा घरांतल्या आजारपणांची वर्णनं ओळखू येण्यासारखी असतात. २०२३ पासून मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही एआयची बटणं आली आहेत. ती दाबलीत तर मजकूर कुठे जातो, आधी ते वाचा. आणि संमतीचा प्रश्न सुटला तरी माझं मत बदलणार नाही. ते यंत्र ‘भावनिक ताण’, ‘सामाजिक आधाराचा अभाव’ असल्या थीम काढून देईल. त्या चूक नसतात, पण त्या लिहायला तुम्हाला सोळा घरांत जायची गरज नव्हती. वर ‘वेळ नाही’ची तीन वाक्यं वेगळी झाली, ते वेगळं करणं हीच तुमची पीएच.डी. आहे. ते दुसऱ्याला देऊ नका.

टाईप करण्याच्या श्रमाला मात्र यंत्राची मदत घ्यायला माझी हरकत नाही. तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास टाईप करण्यात जातात, कधी जास्तही. व्हिस्पर हे २०२२ मध्ये आलेलं ट्रान्सक्रिप्शनचं साधन तुमच्याच संगणकावर चालवता येतं, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. मराठीत ते चुका बऱ्याच करतं, त्यामुळे कान लावून प्रत्येक ओळ तपासावी लागेल. आणि त्याची एक खोड तुमच्या दृष्टीने गंभीर आहे. बोलणं थांबलं की काही वेळा ते त्या शांततेच्या जागी कोणी न बोललेलं वाक्य घालतं, नाहीतर शांतता पूर्ण गाळून पुढचं वाक्य मागच्याला जोडतं. म्हणजे त्या ताईंचा तो मिनिट ट्रान्सक्रिप्टमध्ये उरणारच नाही.

तर त्या मिनिटाबद्दल. ट्रान्सक्रिप्टमध्ये त्या जागी चौकटी कंसात लिहा: किती सेकंदांची शांतता, त्या वेळी काय दिसत होतं, पदर चाळवला की खिडकीबाहेर पाहिलं, तुम्ही स्वतः काय केलंत. हे आठवतंय तोवर आजच लिहा. क्वालकोडरमध्ये ती आवाजाची फाईल घ्या आणि त्या मिनिटाचा तुकडा निवडून त्याला साधं ‘शांतता’ एवढंच नाव द्या. अर्थ लावणारं नाव इतक्यात नको. मग रेकॉर्डिंग त्याच्या दोन मिनिटं आधीपासून ऐका, शांततेनंतरचं पहिलं वाक्य ऐका, आणि मेमो लिहा. बाकीच्या पंधरा मुलाखती ऐकताना कोणी कुठे थांबलं तर तिथेही तेच नाव लावत जा. दहाएक जागा जमल्या की त्या एकामागून एक लावून ऐका. त्यांच्या शांततेचं नाव काय, हे तेव्हा ठरवा.